जिवाणू ओळखणारं किट वापरात घेण्याआधी: लॅबमध्ये स्वतः पडताळणी कशी करावी

किटच्या खोक्यात घड्या घातलेलं एक माहितीपत्रक असतं. त्यात शेवटी कुठेतरी बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो: इतके स्ट्रेन (एकाच प्रजातीचे वेगवेगळे वाण) तपासले, त्यातले इतके टक्के बरोबर ओळखले. मायक्रोबायॉलॉजीत नव्याने आलेला माणूस तो आकडा वाचतो आणि निर्धास्त होतो. आकडा सहसा खोटा नसतो. पण तो दुसऱ्याच कुणाच्या स्ट्रेनवर, दुसऱ्याच मीडियावर (जंतू वाढवायच्या खाद्यावर), त्या किटवर हात बसलेल्या लोकांनी काढलेला असतो. तुमच्या इन्क्युबेटरमध्ये, रात्रपाळीला एकट्याने काम करणाऱ्या टेक्निशियनच्या हातून तोच आकडा येईल याची हमी माहितीपत्रक देत नाही, देऊही शकत नाही.

सगळीच किट्स कुठे ना कुठे चुकतात. त्यामुळे ‘हे किट चुकतं का?’ असं विचारून फारसं हाती लागत नाही. कुठल्या जंतूंवर चुकतं, चुकून कुठलं नाव देतं, आणि चुकलंय हे आपल्या लक्षात येईल का, हे विचारायचं. पडताळणी त्यासाठी करायची.

पहिली पायरी: किट कशासाठी हवंय ते लिहून काढा

हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून बहुतेक जण टाळतात आणि मग शेवटी हातात आलेल्या आकड्यांचं काय करायचं ते कळत नाही. ओळखीची किट्स एका जातीची नसतात. काचपट्टीवर दोन थेंबांत गुठळ्या दाखवणारं लॅटेक्स किट एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: हा स्टॅफिलोकॉकस ऑरियस आहे की नाही. एपीआय २०ई सारखी स्ट्रिप २० जैवरासायनिक चाचण्या एकदम करून अनेक शक्यतांमधून एक नाव काढते. व्हायटेक किंवा फीनिक्ससारखी स्वयंचलित यंत्रं तेच काम बंद कार्डात किंवा पॅनेलमध्ये करतात. माल्डी-टॉफ तर चाचण्या करतच नाही, पेशीतल्या प्रथिनांच्या वजनांचा आलेख संग्रहातल्या आलेखांशी जुळवून पाहतं. या प्रत्येकाची पडताळणी वेगळी.

म्हणून एका पानावर लिहा: कुठल्या गटाचे जंतू यावर लावणार, ते कुठल्या प्लेटवरून उचलणार, निकाल किती वेळात हवा, आणि आत्ता हे काम कशाने करता. याच पानावर स्वीकाराची अटही लिहा. उदाहरणार्थ, प्रजातीपर्यंत बरोबर ओळख किमान ९० टक्के, चुकीचं नाव ३ टक्क्यांहून कमी, आणि गंभीर चूक एकही नाही. तुमचे आकडे वेगळे असू शकतील, पण ते पहिली स्ट्रिप लावायच्या आधी ठरलेले हवेत. निकाल पाहून मग अट ठरवली तर कुठलंही किट पास होतं.

इथे एक फरक समजून घ्या. मान्यताप्राप्त किट कंपनीने सांगितलं तसंच वापरणार असाल, तर कंपनीचा दावा आपल्याकडे खरा ठरतो का एवढंच बघायचं, ही पडताळणी. पण तुम्ही काही बदललंत, म्हणजे माहितीपत्रकात नसलेल्या मीडियावरची वाढ वापरली किंवा पॉझिटिव्ह आलेल्या रक्ताच्या बाटलीतला द्रव थेट लावला, तर ती पद्धत तुमची झाली. मग ती मुळापासून सिद्ध करायची जबाबदारीही तुमचीच, आणि काम कितीतरी पटींनी वाढतं. पडताळणी केल्याशिवाय नवी पद्धत वापरात आणू नये अशी वैद्यकीय प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १५१८९ या मानकाची अपेक्षा आहे. जंतू ओळखणाऱ्या व्यापारी यंत्रणांची पडताळणी कशी करावी यावर सीएलएसआय या अमेरिकी मानक संस्थेचा एम५२ नावाचा स्वतंत्र दस्तऐवज २०१५ मध्ये निघाला. काम सुरू करण्याआधी तो मिळवून वाचा.

दुसरी पायरी: किट नाव कुठून काढतं ते समजून घ्या

नवख्यांना घाईत वगळावीशी वाटणारी ही पायरी आहे. माझ्या मते मात्र सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा, कारण पुढच्या निम्म्या चुकांचं मूळ इथे सापडतं.

एपीआय २०ई घ्या. स्ट्रिपवर २० छोट्या कुप्या असतात आणि ऑक्सिडेज ही एकविसावी चाचणी आपण वेगळी करून जोडतो. या २१ चाचण्यांचे तीन-तीनचे सात गट पाडतात. गटातली पहिली चाचणी पॉझिटिव्ह असेल तर १, दुसरी असेल तर २, तिसरी असेल तर ४ गुण. बेरीज केली की गटाचा एक अंक मिळतो आणि सात गटांचा सात आकडी प्रोफाइल नंबर तयार होतो. ई. कोलायचा नेहमी भेटणारा एक नंबर ५१४४५७२. पहिला अंक ५ आला कारण पहिल्या गटात ओएनपीजी पॉझिटिव्ह (१), आर्जिनीन निगेटिव्ह, लायसीन पॉझिटिव्ह (४). तोच ई. कोलाय सुक्रोज आंबवत नसेल तर सहाव्या गटातले २ गुण जातात आणि नंबर ५१४४५५२ होतो. दोन्ही ई. कोलायच.

आता एक कुपी चुकीची वाचली तर काय होतं बघा. फिकट पिवळा रंग पॉझिटिव्ह धरायचा की निगेटिव्ह, या एका शंकेने नंबर बदलतो आणि काही वेळा नावही बदलतं. सगळ्या चाचण्यांचं वजन सारखं नसतं. काही कुप्या चुकल्या तरी नाव तेच राहतं, काही चुकल्या की जंतू दुसऱ्या कुळात जाऊन बसतो. ज्या कुपीने निकाल फिरतो ती कुठली, हे आपल्या नेहमीच्या जंतूंसाठी शोधून ठेवावं.

नंबरावरून नाव काढणारा भाग म्हणजे डेटाबेस. प्रत्येक प्रजातीचे किती टक्के स्ट्रेन कुठल्या चाचणीला पॉझिटिव्ह येतात, याचा तक्ता त्यात असतो. सॉफ्टवेअर तुमचा नंबर या तक्त्याशी ताडून सगळ्यात जवळची प्रजाती सांगतं आणि शेजारी टक्केवारी देतं. या टक्केवारीबद्दलचा गैरसमज फार पसरलेला आहे. ‘९९.९ टक्के’ म्हणजे निकाल बरोबर असण्याची शक्यता ९९.९ टक्के, असं नाही. डेटाबेसमध्ये असलेल्या प्रजातींमध्ये ही बाकीच्यांपेक्षा इतकी पुढे आहे, एवढाच त्याचा अर्थ. जो जंतू डेटाबेसमध्येच नाही, त्यालाही कुणातरी शेजाऱ्याचं नाव चिकटतं, आणि कधी कधी उत्तम टक्केवारीसह. म्हणून एपीआयमध्ये टी नावाचा दुसरा निर्देशांक असतो. हा स्ट्रेन त्या प्रजातीच्या ठरावीक नमुन्याशी कितपत जुळतो, ते तो सांगतो. टक्केवारी उत्तम आणि टी मात्र शून्याकडे झुकलेला, असं दिसलं की थांबायचं.

माल्डी-टॉफलाही हेच लागू. तिथे टक्क्यांऐवजी गुण असतात. ब्रुकरच्या बायोटायपरची मूळ पद्धत अशी: २.० किंवा जास्त असेल तर प्रजातीपर्यंत नाव द्यायचं, १.७ ते १.९९ असेल तर वंशापर्यंत. पण ई. कोलाय आणि शिगेला इतके जवळचे आहेत की गुण कितीही चांगले आले तरी नेहमीच्या माल्डीवर त्यांच्यातला फरक खात्रीने कळत नाही. चांगले गुण आणि बरोबर उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या पायरीवर करायचं काम सोपं आहे. किटच्या डेटाबेसमधल्या प्रजातींची यादी मागवा आणि गेल्या वर्षभरात तुमच्याकडे निघालेल्या जंतूंची यादी शेजारी ठेवा. तुमच्याकडे नेहमी निघणारं एखादं नाव किटच्या यादीत नसेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

तिसरी पायरी: कुठले स्ट्रेन लावायचे

पडताळणी चांगली की वाईट हे मुख्यतः इथे ठरतं.

सोपा मार्ग म्हणजे फ्रीजरमधले संदर्भ स्ट्रेन काढून लावणं: ई. कोलाय एटीसीसी (एक अमेरिकी जंतुसंग्रह) २५९२२, स्यूडोमोनास एरुजिनोसा एटीसीसी २७८५३ आणि असेच आणखी काही. ते हवेतच, पण त्यांच्यावर किट पास होणारच. हे पुस्तकी, आज्ञाधारक जंतू. किट नीट बनलंय आणि नीट लावलंय एवढंच ते सांगतात. रुग्णाकडून येणारा जंतू प्रतिजैविकं सोसून आलेला, हळू वाढणारा, एखादी ठरलेली चाचणी निगेटिव्ह दाखवणारा असतो. परीक्षा त्याच्यावर घ्यायची.

ग्रॅम निगेटिव्ह दंडाणूंच्या किटसाठी मी साधारण शंभर स्ट्रेन धरेन. त्यातले साठ-सत्तर ओळीने आलेले ताजे आयसोलेट्स (रुग्णांच्या नमुन्यांतून वेगळे काढलेले जंतू): निवड न करता, जसे आले तसे. फक्त एकाच रुग्णाचा तोच जंतू दोनदा घ्यायचा नाही. वीस-तीस साठवलेले, मुद्दाम निवडलेले: क्वचित भेटणारे, गोंधळात टाकणारे, पूर्वी कुठल्यातरी पद्धतीने चुकलेले. उरलेले संदर्भ स्ट्रेन. फ्रीजरमधून काढलेला स्ट्रेन थेट लावू नका; निवडक नसलेल्या मीडियावर लागोपाठ दोनदा सबकल्चर करून (नव्या प्लेटवर पुन्हा वाढवून) मगच घ्या.

ताजे आणि निवडलेले यांचे निकाल कधीही एकत्र करून एकच टक्केवारी काढू नका. कारण असं. समजा एक किट एंटेरोबॅक्टेरेल्सवर (ई. कोलाय, क्लेब्सिएला आणि मंडळींवर) ९८ टक्के बरोबर आहे आणि साखर न आंबवणाऱ्या दंडाणूंवर, म्हणजे स्यूडोमोनास, असिनेटोबॅक्टर आणि मंडळींवर, ७० टक्के. जिथे बहुतांश नमुने लघवीचे आहेत आणि या दोन गटांचं प्रमाण ९० ला १० आहे, तिथे एकूण आकडा ९५ टक्क्यांच्या वर जातो. अतिदक्षता विभागाचे नमुने जास्त असलेल्या लॅबमध्ये प्रमाण निम्मं-निम्मं असेल तर तेच किट ८४ टक्क्यांवर येतं. किट तेच, लॉट (उत्पादनाची तुकडी) तोच, हातही तेच. म्हणून आकडे गटागटाने मांडायचे.

आणखी एक प्रकारचे स्ट्रेन लोक विसरतात: जे या किटवर लावायलाच नकोत असे. ग्रॅम निगेटिव्हच्या स्ट्रिपवर चुकून भलताच जंतू लागला तर किट ‘ओळखता येत नाही’ म्हणतं की आत्मविश्वासाने कुठलं तरी नाव देतं? असे चार-पाच तरी मुद्दाम लावून बघा. मात्र धोकादायक जंतू यासाठी वापरू नका. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

एका प्रश्नाच्या लॅटेक्स किटसाठी हिशेब वेगळा. स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या किटला नुसते ऑरियस आणि एपिडर्मिडिस देऊन काही कळत नाही. तिथे स्टॅफिलोकॉकस लुग्डुनेन्सिस हवा, कारण त्यातल्या अनेकांवर क्लम्पिंग फॅक्टर (गुठळ्या करणारं प्रथिन) असतो आणि तो ऑरियससारख्या गुठळ्या दाखवतो. सॅप्रोफायटिकस हवा, कारण काही लॅटेक्स किट्सवर तोही फसवतो. स्ट्रेप्टोकॉकसच्या लॅन्सफील्ड गटांच्या (अँटिजेनवरून पाडलेल्या ए, बी, सी अशा गटांच्या) किटसाठी अँजिनोसस गटातले काही घ्या. त्यांच्यातल्या काहींवर ए गटाचं अँटिजेन सापडतं, म्हणून ‘ए’ आला की तो पायोजेनिसच, असं धरता येत नाही. शेजारी पीवायआर ही एन्झाइमची झटपट चाचणी लावली की उलगडा होतो: पायोजेनिस पॉझिटिव्ह, अँजिनोसस गट निगेटिव्ह.

चौथी पायरी: तुलना कशाशी करायची

‘बरोबर’ म्हणजे कशाच्या मानाने बरोबर, हे आधी ठरवा. जुन्या किटशी नवं किट ताडून पाहिलं तर दोघांचं जुळतं का एवढंच कळतं. दोघंही एकाच प्रकारे चुकत असतील, आणि जैवरासायनिक किट्सच्या बाबतीत तसं होतं, तर ती चूक शंभर टक्के जुळणी म्हणून कागदावर येते.

म्हणून तुलनेची पद्धत शक्यतो वेगळ्या तत्त्वावरची असावी. बायोकेमिकल स्ट्रिपसाठी माल्डी-टॉफ किंवा १६एस आरआरएनए जनुकाचं सिक्वेन्सिंग. साधारण १,५०० बेसचं हे जनुक सर्व जिवाणूंत असतं, पण त्यालाही मर्यादा आहेत. ई. कोलाय आणि शिगेला किंवा बॅसिलस सिरियस आणि अँथ्रॅसिस यांना ते वेगळं करू शकत नाही. साल्मोनेला आणि शिगेलासाठी अजूनही अँटिसिरा (ठरावीक जंतूशी गुठळ्या करणारी प्रतिपिंडं) लागतोच. सिक्वेन्सिंगची सोय नसेल तर परखलेल्या संदर्भ प्रयोगशाळेकडे निवडक स्ट्रेन पाठवा, किंवा बाहेरच्या गुणवत्ता चाचणीतून आलेले, उत्तर जाहीर झालेले स्ट्रेन जपून ठेवून तेच वापरा. हा दुसरा मार्ग छोट्या लॅबना सहज जमतो.

निकाल जुळले नाहीत की तिसऱ्या पद्धतीकडे जायची सर्वत्र रीत आहे. त्यात एक छुपा पक्षपात आहे. फक्त न जुळलेलेच स्ट्रेन तिसऱ्या पद्धतीला दिले तर काही निवाडे नव्या किटच्या बाजूने जातात आणि आकडा वर चढतो. त्याला खाली आणणारा निवाडा येऊच शकत नाही, कारण जुळलेल्यांत लपलेल्या चुका कुणी तपासलेल्याच नसतात. उपाय महाग नाही: जुळलेल्यांतलेही काही, चिठ्ठ्या टाकून निवडलेले, तिसऱ्या पद्धतीला द्यायचे. अहवालात निवाड्याआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे द्यायचे.

नावांचं एक वेगळं भांडण असतं. एंटेरोबॅक्टर एरोजीन्स २०१७ पासून क्लेब्सिएला एरोजीन्स झाला, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल २०१६ मध्ये क्लॉस्ट्रिडिओइडिस झाला. जुना डेटाबेस जुनं नाव देतो, सिक्वेन्सिंगचा अहवाल नवं. ही चूक नव्हे. पर्यायी नावांचा तक्ता आधीच करून ठेवा, नाहीतर न जुळलेल्यांची यादी फुगते.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष लावताना

इथल्या गोष्टी साध्या, पण निकाल बिघडवणाऱ्या.

वाढ शुद्ध हवी आणि ताजी, बहुतेक किट्ससाठी १८ ते २४ तासांची. स्ट्रिप लावल्यावर त्याच सलाइनचा एक लूप प्लेटवर ओढा. दुसऱ्या दिवशी त्या प्लेटवर दोन तऱ्हेच्या कॉलनी दिसल्या तर स्ट्रिपचा निकाल फेकून द्यायचा, कितीही सुंदर नाव आलेलं असो.

किटच्या आधी ग्रॅम स्टेन, कॅटलेज, ऑक्सिडेज. ऑक्सिडेज मॅकॉन्की या लॅक्टोज असलेल्या मीडियावरच्या कॉलनीवर करू नका, लॅक्टोजपासून तयार झालेलं आम्ल निकाल बिघडवतं. लोखंड असलेला किंवा निक्रोमचा लूपही खोटा पॉझिटिव्ह देऊ शकतो. काडी किंवा प्लॅटिनम घ्या. ही एक चाचणी चुकली तर एपीआय २०ईचा सातवा अंक चुकतो. त्याहून वाईट म्हणजे जंतूसाठी स्ट्रिपच चुकीची निवडली जाते.

गढूळपणा डोळ्यांनी जोखू नका, डेन्सिटोमीटर वापरा. एपीआय २०एनईला, म्हणजे साखर न आंबवणाऱ्या दंडाणूंच्या स्ट्रिपला, मॅक्फार्लंड (गढूळपणाचं माप) ०.५ लागतं, म्हणजे मिलिलिटरमागे सुमारे १५ कोटी जंतू. सलाइनची तीव्रता किटनुसार बदलते, कुठे ०.८५ टक्के, कुठे ०.४५. एका किटची बाटली दुसऱ्याला वापरण्याचा मोह टाळा. एपीआय २०ईमध्ये एडीएच, एलडीसी, ओडीसी, एचटूएस आणि युरिएज या पाच कुप्यांवर तेल ओतायचं असतं; सायट्रेट, व्हीपी आणि जिलेटिनमध्ये नळीबरोबर वरची वाटीही भरायची असते. नवा माणूस हेच विसरतो. २०ई ३६ अंशांच्या आसपास ठेवतात. २०एनई मात्र ३० अंशांच्या आसपास, आणि तिचं रीडिंग २४ तासांनी व गरज पडल्यास ४८ तासांनी घेतात. दोन्ही एकाच इन्क्युबेटरमध्ये सरकवल्या की एकीचा निकाल बिघडलाच.

वाचणाऱ्याला स्ट्रेनचं नाव माहीत नको. नळीवर फक्त सांकेतिक क्रमांक घाला आणि किल्ली, म्हणजे कुठला क्रमांक कुठल्या स्ट्रेनचा ही यादी, दुसऱ्याकडे ठेवा. ‘हा क्लेब्सिएला आहे’ असं माहीत असलेल्या डोळ्यांना पुसट रंगही क्लेब्सिएलाला सोयीचा दिसतो. शक्य असेल तर दोघांनी स्वतंत्र वाचावं आणि मतभेद झालेली कुपी नोंदवावी. कुठल्या कुपीवर पुन्हा पुन्हा मतभेद होतात ही माहिती पुढे प्रशिक्षणात कामाला येते.

पुनरावृत्तीसाठी वेगळे पाच-सहा स्ट्रेन निवडून तीन वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगवेगळ्या व्यक्तींकडून, जमल्यास दोन लॉटवर लावा. त्यात एक-दोन तरी काठावरचे असू द्या. ठणठणीत ई. कोलाय सहा वेळा सारखा आला याने कुणाचं ज्ञान वाढत नाही.

सहावी पायरी: उत्तरं कशी वाटायची

बरोबर आणि चूक अशी दोनच खोकी केली तर सगळ्यात उपयोगी माहिती हरवते. पाच करा: प्रजातीपर्यंत बरोबर, जास्तीच्या एक-दोन चाचण्या करून बरोबर, फक्त वंशापर्यंत बरोबर, ओळख नाही, आणि चुकीचं नाव.

शेवटची दोन खोकी एकसारखी मानू नका. ‘ओळख नाही’ या उत्तराने वेळ आणि पैसे जातात, पण सावध होऊन आपण पुढची चाचणी करतो. चुकीचं नाव मात्र गुपचूप अहवालावर जातं. दोन किट्सची एकूण टक्केवारी सारखी असेल तर जे जास्त वेळा ‘माहीत नाही’ म्हणतं ते मी घेईन.

चुकीच्या नावांतही वजनं वेगळी. लघवीतल्या क्लेब्सिएलाची प्रजाती चुकली तर उपचार बहुधा तोच राहतो. पण काही चुका घातक असतात, आणि त्या माहितीतल्या आहेत. ब्रुसेलाला एपीआय २०एनईने सायक्रोबॅक्टर फिनाइलपायरूव्हिकस, म्हणजे पूर्वीचा मोरॅक्सेला, असं नाव दिल्याची उदाहरणं प्रसिद्ध झालेली आहेत. तोवर लॅबमधले लोक उघड्या टेबलावर ती प्लेट हाताळत असतात आणि संसर्गाचा धोका पत्करतात. मेलिऑइडोसिसचा बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय हा एपीआय २०एनईवर क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम, तर व्हायटेक २ वर बर्कहोल्डेरिया सेपेशिया म्हणून निघाल्याचंही नोंदलेलं आहे. क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियमची वाढ बहुधा जांभळी असते. प्लेटवर जांभळा रंग नाही आणि कागदावर मात्र हे नाव आहे, यावरूनच शंका यायला हवी.

म्हणून ‘थांबा’ नावांची यादी करून यंत्राशेजारी चिकटवा. रक्तातून निघालेला, हळू वाढणारा, बारीक ग्रॅम निगेटिव्ह कोकोबॅसिलस (आखूड, गोलसर दंडाणू), ऑक्सिडेज आणि युरिएज दोन्ही पॉझिटिव्ह: असा जंतू कुठल्याही किटवर लावायचाच नाही. प्लेट बंद करून जैवसुरक्षा कॅबिनेटमध्ये न्यायची आणि संदर्भ प्रयोगशाळेला कळवायचं. ओक्रोबॅक्ट्रमच्या प्रजाती २०२० मध्ये ब्रुसेला वंशात घातल्या गेल्यापासून इथला गोंधळ आणखी वाढलाय. नाव ओक्रोबॅक्ट्रम आलं तरी खरा जंतू ब्रुसेला असू शकतो, आणि ब्रुसेला आलं तरी तो जुना, तुलनेने कमी धोक्याचा ओक्रोबॅक्ट्रम असू शकतो. दोन्ही वेळा थांबायचंच.

दुर्मिळ नावांबद्दल थोडं गणित. समजा हजार आयसोलेट्समध्ये एखादी दुर्मिळ प्रजाती पाचदाच खरी आहे. किट ते पाचही पकडतं, पण उरलेल्या ९९५ पैकी एक टक्क्याला, म्हणजे सुमारे दहांना, तेच नाव चुकून देतं. मग अहवालात ते नाव पंधरा वेळा येईल आणि त्यातलं खरं पाचच वेळा. ९९ टक्के अचूक किट, आणि या एका नावापुरतं तीनातलं एकच उत्तर खरं. दुर्मिळ नाव आलं की दुसऱ्या पद्धतीने खात्री करा, हा नियम यातून येतो.

सातवी पायरी: आकड्यांवर किती विसंबायचं

वीसपैकी वीस बरोबर आले की शंभर टक्के लिहायचा मोह होतो. पण वीस नमुन्यांवरून ९५ टक्के विश्वासाने एवढंच म्हणता येतं की खरी अचूकता ८३ टक्क्यांहून कमी नसावी. तीसपैकी तीस आले तर ही खालची मर्यादा ८८, साठपैकी साठला ९४, शंभरपैकी शंभरला ९६. तीसपैकी सत्तावीस म्हणजे ९० टक्के. पण खरा आकडा ७३ ते ९८ यात कुठेही असू शकतो. शंभरपैकी नव्वद हेही ९० टक्केच, इथे पट्टा ८२ ते ९५. टक्केवारीशेजारी ही दोन टोकं आणि मूळ संख्या लिहिलेली नसेल तर तो अहवाल परत पाठवावा, मग तो विक्रेत्याचा असो की आपल्याच सहकाऱ्याचा.

एखाद्या गटात चारच स्ट्रेन मिळाले असतील तर टक्केवारी काढूच नका. ‘चारपैकी तीन’ असं लिहा.

आठवी पायरी: खर्च आणि बाकीच्या गोष्टी

एका स्ट्रिपची किंमत म्हणजे एका निकालाचा खर्च नव्हे. पुन्हा लावलेल्या स्ट्रिप्स, कंट्रोलला गेलेल्या स्ट्रिप्स, वेगळे घ्यावे लागणारे अभिकर्मक, एक्स्पायरी उलटून फेकलेला माल आणि माणसाचा वेळ हे सगळं मिळवा आणि अहवालावर गेलेल्या निकालांच्या संख्येने भागा. कमी वापर असलेल्या लॅबमध्ये एक्स्पायरी हाच मोठा खर्च ठरतो, म्हणून खोकं किती स्ट्रिप्सचं येतं ते आधी विचारा. माल २ ते ८ अंशांत राखून येतो का, डेटाबेसचे नवे अद्ययावत संच मोफत मिळतात का, यंत्र बंद पडलं तर माणूस किती दिवसांत येतो, हे करारातच लिहून घ्या. तोंडी आश्वासन पुरत नाही.

नववी पायरी: किट घेतल्यानंतर

प्रत्येक नवा लॉट आणि प्रत्येक नवी खेप आली की कंपनीने सुचवलेल्या कंट्रोल स्ट्रेनवर तपासा. नुसतं नाव बरोबर आलं की नाही एवढंच बघू नका, प्रत्येक कुपीचा निकाल नोंदवा. एखादी कुपी बिघडूनही नाव बरोबर येऊ शकतं आणि तो बिघाड पुढच्या खऱ्या नमुन्यावर बाहेर पडतो.

‘ओळख नाही’ आणि ‘कमी खात्री’ अशा निकालांची वेगळी वही ठेवा: तारीख, लॉट, प्रोफाइल नंबर, कुणी वाचलं, शेवटी काय निघालं. तीन-चार महिन्यांनी चाळलीत तर एखादा लॉट, एखादा मीडिया किंवा एखादी पाळी उठून दिसते.

पडताळणीत वापरलेले स्ट्रेन टाकून देऊ नका. ग्लिसरॉलमध्ये उणे ७० अंशांना ठेवा, किल्लीसकट. डेटाबेसची नवी आवृत्ती आली, किटची रचना बदलली किंवा यंत्राची मोठी दुरुस्ती झाली, की त्यातले पंधरा-वीस, आणि त्यात पहिल्या वेळी चुकलेले सगळे, पुन्हा लावायचे. नवी आवृत्ती जुन्या चुका सुधारते, तशी कधी कधी आधी बरोबर येणारी नावं बिघडवतेही. ते याच जपून ठेवलेल्या नळ्यांवर दिसतं.